श्रावणातला तिसरा दिवस

आषाढी अमावास्या सरली की गावोगावी एक निर्धार होतो. वर्षभर रोज पिणारा माणूस श्रावणाच्या पहिल्या सकाळी आंघोळ करून देवापुढे उभा राहतो आणि आता महिनाभर बाटलीला हात लावणार नाही म्हणतो. कुणी पंढरीची माळ घालतो, तेव्हाही असंच होतं. घर सुखावतं. पहिला दिवस घाम पुसण्यात आणि थरथरणारे हात लपवण्यात जातो. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो भिंतीकडे बोट दाखवून म्हणतो, "मुंग्या बघ किती लागल्यात!" भिंतीवर एकही मुंगी नसते. तो अंगावरचे नसलेले किडे झटकत राहतो, दारात कुणी उभं नसताना त्याच्याशी बोलतो, मध्यरात्री उठून कामावर जायचंय म्हणत दाराची कडी चाचपडतो.

आमच्या आळीत मी लहानपणी हे पाहिलं आहे. त्या घरात तेव्हा दोन मतं पडली होती. म्हातारी आई म्हणत होती, बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋषाला बोलवा. थोरला भाऊ म्हणत होता, इतक्या वर्षांचं विष अंगातून निघतंय, निघू द्या. लिंबूपाणी पाजा, घाम येऊ द्या. दोघांचाही त्याच्यावर जीव होता आणि दोघांचंही चुकत होतं. शेजारी एक कंपाउंडर राहायचे. त्यांनी कुणाचंही न ऐकता रिक्षा आणली, म्हणून तो माणूस वाचला.

आईचं मत आता कमी घरांत ऐकू येतं. भावाचं मत मात्र पुष्कळ वाढलं आहे. 'डिटॉक्स' हा शब्द आला आणि त्याबरोबर हिरवे रस, काढे, सात दिवसांचे आहार आले. व्यसन सोडल्यावर जो त्रास होतो तो विष बाहेर पडण्याचा त्रास, आणि स्वयंपाकघरातल्या उपायांनी ते लवकर बाहेर काढता येतं, अशी समजूत घट्ट झाली. या प्रकरणात मला स्वयंपाकघराची बाजू घ्यायची आहे, कारण व्यसन सोडणाऱ्या माणसासाठी तिथं खरोखर खूप काही करता येतं. पण त्यासाठी आधी ही विषाची कल्पना डोक्यातून काढायला हवी.

हिशोब साधा आहे. निरोगी यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क मोडतं, आणि रोज पिणाऱ्याचं यकृत तर त्याहून वेगानं. रात्री कितीही प्यायली असली तरी एखाद्या दिवसात रक्तातली दारू संपते. म्हणजे तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसू लागतात तेव्हा अंगात दारूचा थेंबही शिल्लक नसतो. बाहेर काढायला काही उरलेलंच नसतं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यांना कुणाच्या रसाची वाट पाहावी लागत नाही.

मग त्रास कशाचा? दाराला बाहेरून कुणी रोज रेटा देत असेल तर आतला माणूस तेवढाच जोर लावून आतून रेटतो. बाहेरचा एकाएकी बाजूला झाला की आतला तोंडघशी पडतो. मेंदूचं तसंच होतं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या 'ग्लुटामेट'चं काम दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट दिशेनं जोर लावायला शिकतो. मग एका सकाळी दारू बंद होते, पण मेंदूचा जोर तसाच राहतो. थरथर, घाम, धडधड, निद्रानाश, फिट हे सगळं त्या मोकळ्या सुटलेल्या जोराचं रूप आहे. तो हळूहळू ओसरतो. तोवर माणसाला सांभाळणं हेच उपचाराचं काम, आणि स्वयंपाकघराचंही.

हाच प्रकार सगळ्यात सौम्य रूपात पाहायचा असेल तर हरतालिकेची दुपार आठवा. निर्जळी उपास असतो आणि तीन-चार वाजता डोकं ठणकायला लागतं. आपण म्हणतो, पित्त झालं. भूक आणि तहान असतेच, पण बरेचदा मुख्य कारण सकाळपासून न मिळालेला चहा हे असतं. मेंदूत थकव्याची खूण पोचवणारं अॅडेनोसिन नावाचं द्रव्य असतं. चहातलं कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. मेंदू मग अशा जागाच वाढवतो. चहा थांबला की अॅडेनोसिनला रान मोकळं मिळतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका सुरू होतो. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी टिपेला जातो आणि दोन ते नऊ दिवसांत विरतो. दिवसाला शंभर मिलिग्रॅम कॅफीन, म्हणजे दोन-तीन कप चहा, एवढ्यावरही हे होऊ शकतं.

इथं घरचा उपाय पूर्ण पुरतो. एकदम सोडू नये. आठवडा-दोन आठवडे आधीपासून एकेक अर्धा कप कमी करावा, चहाची पूड कमी घालावी, शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्यावा. आल्याचा किंवा गवती चहाचा काढा चालतो, त्यात कॅफीन नसतं. पण आपल्याकडे गवती चहा बहुतेक वेळा नेहमीच्या चहात टाकतात आणि मग कॅफीन होतं तेवढंच राहतं. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. त्यांनी लगेच बरं वाटतं, कारण सोडलेली वस्तूच वेगळ्या पाकिटातून परत मिळालेली असते. पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा.

तंबाखू ही पुढची पायरी. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले 28.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात विडी-सिगारेटपेक्षा तोंडात धरायची तंबाखूच फार जास्त: चुना लावून मळलेली, विदर्भात खर्रा, आणि बायकांच्या घरात मिसरी.

माझी आत्या चाळीस वर्षं मिसरी लावत होती. दर आठ दिवसांनी ती तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. तो वास इतका उग्र की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग खलबत्त्यात कुटून ती पूड पावडरीच्या जुन्या गोल डब्यात भरायची. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती परसात उकिडवी बसायची आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं हिरड्यांवरून सावकाश मिसरी फिरवत राहायची. दिवसभरात ती तिचीच वीस मिनिटं असायची. कुणी त्या वेळी तिला हाक मारत नसे. मिसरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं.

दाताच्या डॉक्टरांना तिच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला, तेव्हा तिनं सोडायचं ठरवलं. निकोटीनचं प्रमाण रक्तात दर दोन तासांनी निम्म्यावर येतं, त्यामुळे त्रास त्याच दिवशी सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत जास्त होता. चिडचिड, डोकं जड, कशात लक्ष नाही, आणि चार दिवस पोट साफ नाही. सगळ्यात मोठी अडचण त्या बोटाची होती. हातात पीठ असो की भाजी, तर्जनी आपोआप तोंडाकडे जायची.

तिच्या सुनेनं जे केलं ते मला आजही शिकण्यासारखं वाटतं. तिनं तो डबा फेकला नाही. घासून, उन्हात वाळवून त्यात भाजलेली बडीशेप, ओवा, तीळ आणि जवस असं मिश्रण सैंधव घालून भरलं आणि त्याच कोनाड्यात ठेवलं. सकाळच्या बैठकीसाठी कडुलिंबाची काडी दिली. रात्री पाण्यात भिजवलेले दहा-बारा मनुके, उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, दुपारी पपई. पाचव्या दिवशी पोट सुरळीत झालं आणि आत्याचा अर्धा धीर परत आला. मिसरीशिवाय शौच होत नाही ही भीती अनेक बायकांना पुन्हा त्या डब्याकडे नेते. त्यामुळे मिसरी सोडताना मनुके आणि भाकरी हाच खरा उपचाराचा भाग ठरतो.

तलफ आली की ती कायम राहील असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंडाला आणि हाताला काम हवं: लवंग, आवळकाठी, गाजराचा तुकडा, मूठभर फुटाणे. ज्येष्ठमधाची काडीही चालते, पण रक्तदाब असणाऱ्यांनी ती रोज चघळू नये. जास्त प्रमाणात तिनं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. सुपारीचा आधार मात्र घेऊ नये. तंबाखू नसलेली साधी सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलं आहे, आणि तिचंही व्यसन लागतं. एक खड्डा बुजवायला दुसरा खणण्यात काय अर्थ?

विडी-सिगारेट सोडणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन फार वेगानं मोडतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातून रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफीन साचतं. मग छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणूस समजतो की सिगारेट सोडल्यामुळेच हे झालं. म्हणून धूर सोडताना चहा-कॉफी निम्म्यावर आणावी. तोंडात धरायची तंबाखू सोडणाऱ्यांना हा नियम लागू नाही, कारण तिथं धूर नसतो.

निकोटीनचा च्युइंगगम घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. तो गोळीसारखा चावून संपवायचा नसतो. दोन-चार वेळा चावून, झणझणलं की गालात धरून ठेवायचा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत काही घ्यायचं नाही. आंबट पेयानं तोंडातलं निकोटीन शोषलं जात नाही. तंबाखूला चुना लावतात त्यामागे हेच उलट बाजूनं आहे: चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटीन झटकन रक्तात जातं. तंबाखू सोडल्यावर वजन चार-पाच किलोंनी वाढू शकतं, कारण भूक वाढते आणि जेवणाला चव येते. ते वाढू द्यावं. व्यसन सोडायच्या महिन्यात वजन कमी करायचा आहार सुरू करू नये, उपाशी पोटी तलफ दुप्पट जोरानं येते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी 1800-11-2356 या क्रमांकावर आहे.

आता दारू. इथं स्वयंपाकघर दुसऱ्या क्रमांकावर येतं. पहिला डॉक्टर.

रविवारी मित्रांबरोबर दोन पेग घेणाऱ्या माणसाला श्रावण पाळल्यानं काही होणार नाही. प्रश्न रोज पिणाऱ्याचा आहे. त्यातही सकाळी हात कापतात म्हणून थोडी दारू, म्हणजे उतारा, घ्यावा लागतो, त्याचा. उतारा घेणं याचा अर्थ रात्रीच्या सात-आठ तासांत दारू उतरताच मेंदूचा तो उलटा जोर वर येऊ लागला आहे. अशा माणसानं एकदम थांबवलं तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात डेलिरियम ट्रेमेन्स, डॉक्टरांच्या भाषेत 'डीटी', सुरू होऊ शकतो: मुंग्या, किडे, नसलेली माणसं, ताप, बेभान हालचाल. उपचार न मिळालेल्या डीटीमध्ये शंभरातले पंधरा किंवा त्याहूनही जास्त रुग्ण दगावत असत. वेळेवर उपचार मिळाले तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. एवढा फरक दवाखान्यानं पडतो.

"दर श्रावणात सोडतो, कधी काही झालं नाही," असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं असेल, पण भरवशाचं नाही. दर वेळी एकदम सोडणं आणि पुन्हा सुरू करणं यानं मेंदू अधिकाधिक भडकता होत जातो. पाचव्या श्रावणात नुसती थरथर झाली आणि दहाव्यात फिट आली, असं होतं. ज्याला पूर्वी फिट किंवा भास झाले आहेत, ज्याला यकृताचा आजार आहे, ज्याचं वय साठीच्या पुढे आहे, त्यानं घरी दारू सोडायचा प्रयोग करूच नये. डॉक्टर गाठेपर्यंत त्यानं दारू एकाएकी तोडूही नये. हे वाक्य व्यसनमुक्तीच्या पुस्तकात विचित्र वाटेल, पण जीव यामुळेच वाचतो.

दवाखान्यात मेंदूचा जोर आवरणारी औषधं देतात आणि काही दिवसांत ती कमी करत बंद करतात. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचटांची गर्द या अमली पदार्थावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्या कामाला मदत केली होती. तिथंही दाखल झालेल्या माणसाचे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जातात. गप्पा, गटसभा, समुपदेशन हे सगळं त्यानंतर.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं, ती. जीवनसत्त्व बी-वन, म्हणजे थायमिन.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरीचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात खायच्या आणि त्यांचे पाय लुळे पडले. पुढे स्वयंपाकी बदलला. लष्करी तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला त्यानं नकार दिला, त्यांना असडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तांदूळ सडताना जो कोंडा आपण काढून टाकतो त्यात बी-वन असतं, हे या धाग्यातून पुढे उलगडलं. 1929 साली आइकमानला नोबेल मिळालं.

शरीरात बी-वनचा साठा जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम असतो, दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच. रोज पिणारा माणूस जेवत नाही, जेवला तर आतडी ते जीवनसत्त्व नीट शोषत नाहीत आणि यकृत साठवत नाही. साठा संपला की मेंदूचे काही भाग सुकू लागतात. चालताना तोल जातो, डोळ्यांची बुबुळं नीट फिरत नाहीत, माणूस गोंधळतो. 1881 मध्ये कार्ल वेर्निके यांनी याचं वर्णन केलं. वेळीच बी-वन दिलं तर हे टळतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. सकाळी कोण भेटलं ते दुपारी आठवत नाही.

आता आपल्याकडचं चित्र पाहा. दारू सोडलेला माणूस गळून गेला की घरचे म्हणतात, सलाईन लावा, तरतरी येईल. सलाईनमध्ये बरेचदा ग्लुकोज असतं. साखर जाळायला शरीराला बी-वन लागतं. म्हणजे तळाशी उरलेला थोडासा साठाही ग्लुकोज संपवून टाकतं. म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर बी-वनचं इंजेक्शन द्यायचं असतं. साखर फारच उतरली असेल तर ग्लुकोजसाठी थांबायचं नसतं, पण बी-वन विसरायचं नसतं. गर्दीच्या दवाखान्यात हे राहून जाऊ शकतं. आठवण करून देणारा नातेवाईक जवळ असला तर राहणार नाही.

औषध सुरू झालं, उलट्या थांबल्या, की मग घरच्या जेवणाचे दिवस येतात. पहिल्या दोन दिवसांत ताटभर वाढू नका. महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं उतरून हृदयावर ताण येऊ शकतो. दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्यावं. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज देतात, तिला तोड नाही. भात सालीसकट उकडताना कोंड्यातलं बी-वन दाण्याच्या आत उतरतं आणि नंतर सडल्यावरही बरंच टिकतं. आजाऱ्याला उकड्याची पेज देणाऱ्या आजीला हे माहीत नव्हतं, पण तिची निवड अचूक होती. देशावर मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं, मेतकूट-मऊभात. दोन-चार दिवसांनी मोड आलेली मटकी, ज्वारी-बाजरीची भाकरी, तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात अर्धा मिलिग्रॅमहून अधिक बी-वन असतं. रोजची गरज सव्वा-दीड मिलिग्रॅमची. मात्र सुरुवातीच्या दिवसांत या वाट्या इंजेक्शनची जागा घेऊ शकत नाहीत, कारण आतडी अजून दुखावलेली असतात. जेवणाला लागून चहा देऊ नये, तो बी-वनच्या आड येतो.

घाम आणि जुलाबानं पाणी गेलं असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्यानं मोजून. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला मात्र मीठ घातलेलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, ताकसुद्धा.

यकृत खराब आहे म्हणून वरण, अंडी, पनीर बंद करण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ती जुनी झाली. सिऱ्होसिसच्या रुग्णालाही प्रथिनं लागतात, उलट जास्तच लागतात, नाहीतर स्नायू झडतात. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्लं पाहिजे, कारण आजारी यकृताला रात्रभराचा उपास झेपत नाही. एक लाडू आणि कपभर दूध पुरे. गोडाची ओढ या दिवसांत फार असते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या 1939 सालच्या पुस्तकातही जवळ चॉकलेट ठेवण्याचा सल्ला आहे. मधुमेह नसेल तर गूळ-शेंगदाणे, चिक्की खिशात असू द्यावी. संध्याकाळी सहा-सातला, नेहमीच्या बाटलीच्या वेळेआधी, पोटात काहीतरी भरपूर गेलेलं असावं. त्या वेळची भूक आणि तलफ यांतला फरक माणसाला कळत नाही.

काही गोष्टी मात्र करू नयेत. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. दुधीचा रस 'यकृत धुतो' म्हणून सकाळी उपाशी पोटी देतात. कडू दुधीच्या रसानं दिल्लीत मृत्यू झाल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती. रस कडू लागला तर तो अजिबात पिऊ नये, हे त्या समितीचं सांगणं आहे. जेवणात गुपचूप कालवून द्यायची 'दारू सोडवणारी पावडर' भिंतींवर जाहिरात पाहून मागवू नका. त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. दारू प्यायल्यावर त्रास देणारी औषधं खरोखर असतात; डायसल्फिराम 1948 पासून वापरात आहे. पण ते घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं औषध आहे. ते पोटात असताना नकळत दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही दारूसारखाच नियम: एकदम बंद नाही, फिट येते.

तेव्हा घरात कुणी यंदाच्या श्रावणात दारू सोडायचं म्हणत असेल, तर त्याला अडवू नका. त्याचा निर्धार मोलाचा आहे. फक्त अमावास्येच्या आठ दिवस आधी त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तो रोज किती पितो, सकाळी उतारा लागतो का, हे न लपवता सांगा. जवळ कुठं जावं कळत नसेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनी मोफत आहे. आणि सलाईनची बाटली टांगली जात असेल तेव्हा न संकोचता विचारा, "डॉक्टर, बी-वन दिलंत ना?"